निकानोरांच्या गावातली वरात

समुद्रापलीकडे, यवनांच्या म्हणजे ग्रीकांच्या मुलखात, फार फार जुन्या काळी एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा गडी राहत होता. समोर लहान मुलं बसलीत म्हणून मी भोळा म्हणतो. खरा शब्द मोठ्यांना ठाऊक आहे. त्याचं नाव मोस्कोस.

आता गाव तरी फार शहाणं होतं असं समजू नका. त्या लोकांची रीत अशी, की थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायचं. रीत चांगलीच आहे, आजोबा खूश होतात. पण ज्या म्हाताऱ्यानं हे गाव वसवलं त्याचं नाव होतं निकानोर, आणि त्याला मुलगे झाले गाडाभर. प्रत्येक मुलानं आपल्या थोरल्याचं नाव ठेवलं निकानोर. एकाच्याही डोक्यात आलं नाही, की बाबांनो, एक निकानोर झाला, आता पुरे. छे! जो तो म्हणे, मी का मागं राहू? म्हातारा काय एकट्या त्याचाच बाप होता? पुढं त्या निकानोरांना नातू झाले, ते परत निकानोर. शेवटी अशी पाळी आली, की भर बाजारात दगड भिरकावला तर तो निकानोरलाच लागायचा, आणि 'कोण रे तो मेला?' म्हणून ओरडणाराही निकानोरच असायचा. बरं, ह्याची कोणाला लाज? उलट छाती काढून सांगायचे, आमच्या गावात निकानोर पुष्कळ!

मग माणूस ओळखायचा कसा? धंद्यावरून. तेलाचा घाणा चालवतो तो घाण्यावाला निकानोर. मडकी भाजतो तो भट्टीवाला निकानोर. होडी घेऊन समुद्रात जातो तो होडीवाला निकानोर. हे तिघं तेवढे लक्षात ठेवा, बाकीचे निकानोर गेले उडत.

मोस्कोस कामाला होता घाण्यावाल्याकडे. अंगानं धिप्पाड, कामाला वाघ. सांगितलेलं करायचा. नेमकं तेवढंच करायचा. आणि एकदा सांगितलेली गोष्ट जन्मात विसरायचा नाही. तीच तर सगळी पंचाईत होती. विसरभोळा असता तर ह्या गोष्टीतलं काही घडलंच नसतं.

घरात सत्ता मालकिणीची, फिलिनाबाईची. घाणा थांबायचा, बैल थांबायचा, बाईचं तोंड थांबायचं नाही. घाण्यावाला दिवसभर त्या करकरणाऱ्या घाण्याशी बसून असायचा आणि लोक म्हणायचे, बिचारा किती कष्ट करतो! लोकांना काय माहीत, तिथं त्याला दुसरा आवाज ऐकू येत नसे.

ह्या दोघांना एकच मुलगी, क्लेओ. आईसारखी देखणी, बापासारखी गप्प. मोस्कोसला ती दादा म्हणायची आणि त्याच्या भाकरीवर आठवणीनं मध घालायची. घरात त्याच्याशी शिवी न देता बोलणारं तेवढं एकच माणूस. क्लेओसाठी मोस्कोसनं विहिरीत उडी मारली असती. देवाची कृपा, तसं त्याला कोणी सांगितलं नाही.

तर क्लेओचं लग्न ठरलं होडीवाल्या निकानोरशी. पोरगा तरणा, मेहनती, आणि दोघांचं एकमेकांवर आधीपासून मन. घाण्यावाल्यानं चार लोकांत उभं राहून रीतीप्रमाणे जाहीर केलं, "माझी मुलगी क्लेओ मी निकानोरला दिली."

झालं! गर्दीत भट्टीवाला निकानोर उभा होता. दोन बायका पोचवून बसलेला, तोंडाचं बोळकं झालेलं, तरी दाढीला अजून तेल लावायचा. त्यानं दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "निकानोरला दिली? मग मी कोण आहे?"

आणि सांगत सुटला गावभर, की क्लेओ मलाच दिली!

ह्या थेरड्याला पंचांनी तिथल्या तिथं हाकलायला नको? पण पंच कोण? सगळे निकानोर. जो तो मनातल्या मनात म्हणू लागला, अरे हो, आपल्याला तर नाही ना दिली? बराच वेळ दाढ्या खाजवून त्यांनी निकाल दिला. "आस जळेल त्या दारात खरं काय ते कळेल. ज्या निकानोरच्या दारात वरातीच्या गाडीचा आस जळेल, तो नवरा."

हा आस म्हणजे गाडीची दोन्ही चाकं ज्या दांड्यावर फिरतात तो. आपल्याकडे नवरी माप ओलांडून घरात येते ना, तशी त्या मुलखात वेगळी रीत. दिवे लागायच्या वेळेला नवरीला गाडीत बसवून नवऱ्याच्या दारात न्यायचं, आणि ती उतरली की गाडीचा आस जाळून टाकायचा. म्हणजे आता परतीची गाडी नाही, हेच तुझं घर. एकदा आस जळला की राजा आला तरी फिरवता येत नाही.

तेव्हा फिलिनाबाईच्या जिवाला एकच घोर लागला. आस होडीवाल्याच्या दारात जळाला पाहिजे. चुकून भट्टीवाल्याच्या दारात जळाला तर पोरीचा जन्म त्या बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्याची पेज गाळण्यात जायचा. आणि वरातीची खेचरं हाकायला घरात दुसरं कोणी नव्हतं. खेचरं फक्त मोस्कोसचं ऐकायची. त्यांचं आपसात जमत असावं.

लग्नाची तयारी सुरू झाली. होडीवाल्याच्या घरी दिव्यांना तेल पाठवायचं होतं. बाईनं मोस्कोसच्या डोक्यावर तेलाचा मोठा घडा दिला आणि म्हणाली, "जा, निकानोरला देऊन ये."

मोस्कोस गेला. बाजाराच्या चौकात उभा राहिला आणि आरोळी ठोकली, "निकानोर! तेल!"

सगळा चौक वळला. फुकटचं तेल म्हटल्यावर कोण नाही म्हणतो? कोणी मडकं आणलं, कोणी वाटी आणली, एकानं तर चपलेचा वाळलेला चामड्याचा पट्टाच पुढं केला, थोडं इथं ओत म्हणाला. मोस्कोसनं प्रत्येकाला विचारलं, "निकानोर का?" प्रत्येक जण म्हणाला, "निकानोरच." घडा उपडा करून, शेवटचा थेंब झटकून तो घरी आला.

"दिलंस?" बाईनं विचारलं.

"दिलं बाई. एकही निकानोर उपाशी ठेवला नाही."

बाईनं कपाळावर हात मारला. "अरे ठोंब्या! ह्या गावात नुसत्या नावावर जातात का? बाप विचारायचा, बाप! तू कोणाचा, ते आधी विचारायचं. बापाचं नाव कळल्याशिवाय जागचं हलायचं नाही. समजलं?"

"समजलं बाई. बाप विचारायचा."

आणि त्यानं ते लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात लग्नाची अंजिरं वाळत घातली होती. बाई म्हणाली, "मी नदीवर जाऊन येते, अंजिरांवर लक्ष ठेव." मोस्कोस लक्ष ठेवून बसला. एवढ्यात कोणाची तरी बकरी कुंपणातून आत आली आणि खायला लागली.

मोस्कोस उठला. तिच्यासमोर उभा राहिला आणि अदबीनं म्हणाला, "तू कोणाची?"

बकरीनं अंजीर खाल्लं.

"बापाचं नाव काय तुझ्या?"

"म्यां," बकरी म्हणाली.

"ते तुझं झालं. बापाचं?"

बकरीला घाई नव्हती आणि मोस्कोसलाही नव्हती. बापाचं नाव कळल्याशिवाय जागचं हलायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बाई धुणं घेऊन परत आली तेव्हा अंगणात एक अंजीर शिल्लक नव्हतं, बकरी पोट फुगवून सावलीत बसली होती, आणि मोस्कोस तिच्यापुढं उकिडवा बसून विचारत होता, "बरं, आजोबांचं तरी सांगशील? निकानोर ना?"

"मेल्या! मुडद्या!" बाईनं ओलं धुणंच त्याच्या डोक्यावर आपटलं. "जनावराला कोणी बाप विचारतं का? अरे, जनावराची खूण बघायची! आपल्या बकऱ्यांच्या डाव्या कानाला चीर आहे. दारात कोणी घुसलं की कान धरायचा. कानाला चीर असली तर आपलं. नसली तर काठी घालायची कंबरड्यात आणि हाकलून लावायचं! ह्यात काय अवघड आहे?"

"काहीच नाही बाई. कान धरायचा, चीर नसली की काठी."

लक्षात ठेवलं. आता तुम्ही हसताय, म्हणजे पुढं काय झालं ते तुम्हाला कळलंय. मोस्कोसला मात्र कळलं नव्हतं. तो काठी मांडीवर घेऊन दारात बसला होता आणि मनातून फार खूश होता, की आता चुकायला जागाच उरली नाही.

त्याच संध्याकाळी वराचे वडील आले. अगाथोन त्यांचं नाव. गावातला वजनदार माणूस, पांढरी स्वच्छ वस्त्रं, हातात लग्नाच्या मुहूर्ताचा हार. दारात पाऊल टाकलं आणि मोस्कोसनं त्यांचा डावा कान धरला.

"अरे! अरे! हे काय?"

"थांबा, बघू द्या." त्यानं कान उजेडाकडं वळवला. पुढून पाहिला, मागून पाहिला, जरा ताणूनही पाहिला. कान अखंड होता. मोस्कोसला वाईट वाटलं, कारण माणूस भला दिसत होता. पण इलाज नव्हता. त्यानं काठी उचलली.

व्याही पुढं आणि मोस्कोस मागं, अशी दोघांनी अर्धी गल्ली पार केली. अगाथोन ओरडत होते, "अरे, मी होडीवाल्याचा बाप!" आणि मोस्कोस म्हणत होता, "बाप विचारायचा नियम आता बदललाय!"

लग्न मोडायचंच बाकी राहिलं होतं. घाण्यावाल्यानं व्याह्यांच्या पायावर डोकं ठेवलं, क्लेओ दाराआड हमसून हमसून रडली, फिलिनाबाईनं जन्मात पहिल्यांदा कोणापुढं तरी हात जोडले. तेव्हा कुठं अगाथोन कान चोळत म्हणाले, "मुलीकडं बघून गप्प बसतो." मग क्लेओनं पाणी आणून दिलं मोस्कोसलाच, आणि एवढंच म्हणाली, "दादा, मला त्या भट्टीवाल्याकडं जायचं नाही रे."

"मी असताना?" मोस्कोस म्हणाला. आणि त्याला खरंच तसं वाटत होतं, हीच तर रडायची गोष्ट.

बाईनं त्याला चुलीपाशी उभा केला. "ऐक. दारात माणूस आलं की तो पाहुणा. पाहुणा म्हणजे देवानं धाडलेला. त्याला आधी आत घ्यायचं. पाय धुवायला पाणी द्यायचं. अंगाला लावायला तेल द्यायचं. मग पोटभर जेवण. आणि त्याचं जेवण होईपर्यंत तू कोण, कुठला, एक अक्षर विचारायचं नाही. आपल्या लोकांची ही जुनी रीत आहे. आणि जाताना रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, घरातली चांगल्यातली चांगली वस्तू भेट द्यायची. शिरलं का डोक्यात?"

"शिरलं. पाणी, तेल, जेवण, भेट. कान नाही."

"कान नाही!" बाई ओरडली.

घरचे सगळे देवळात नवस फेडायला गेले त्या दिवशी भट्टीवाला निकानोर आला. टेहळायलाच आला होता लबाड, वरात कुठल्या रस्त्यानं निघणार ते काढून घ्यायला. दारात मोस्कोसला बघून जरा बिचकला. अगाथोनच्या कानाची गोष्ट गावभर झाली होती. तो एक पाय मागं टाकूनच उभा राहिला.

पण मोस्कोस उठला, हात धरून त्याला आत घेऊन आला. पाय धुतले. दाढीला तेल चोपडलं. लग्नासाठी ठेवलेलं मटण वाढलं, दात नाहीत म्हणून बारीक करून वाढलं. म्हातारा खात होता आणि मोस्कोस ओठ घट्ट मिटून समोर बसला होता, न जाणो एखादा प्रश्न बाहेर पडायचा. म्हाताऱ्यानं ढेकर दिला तेव्हा त्यानं विचारलं, "आता सांगा, आपण कोण?"

"मी निकानोर," म्हातारा म्हणाला.

"वा वा," मोस्कोस म्हणाला. "आमच्याकडं निकानोरचंच लग्न आहे."

"तोच मी," म्हातारा म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला काडीची शरम वाटली नाही.

आता घरातली चांगल्यातली चांगली वस्तू कोणती? क्लेओनं वर्षभर खपून नवऱ्यासाठी विणलेलं उपरणं, जांभळ्या काठाचं. मोस्कोसनं पेटीतून ते काढलं, झटकलं, आणि भट्टीवाल्याच्या खांद्यावर घातलं. वर दारापर्यंत पोचवायलाही गेला.

तासाभरात गावात बोंब. भट्टीवाला निकानोर ते उपरणं घालून चौकातून चकरा मारतोय! "नवरीच्या हातचं आहे, घरून मानानं आलंय. अजून कोणाला शंका?" पंचांची डोकी पुन्हा हलायला लागली. एक पंच म्हणाला, "उपरणं तर खरं." दुसरा म्हणाला, "आणि निकानोर तर तो आहेच." अशा लोकांच्या हातात न्याय असल्यावर काय बोलायचं!

फिलिनाबाई त्या दिवशी ओरडली नाही. हे फार वाईट लक्षण. तिनं मोस्कोसला बसवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "माझंच चुकलं. तुला मी शिकवत बसले. आता शिकवणं बंद. आजपासून तू काही विचारायचं नाहीस. काही ठरवायचं नाहीस. डोकं चालवायचं नाहीस. सांगितलं की लगेच करायचं, त्या क्षणी करायचं. वरातीची गाडी तू हाकायचीस. गाडी थांबली, नवरी उतरली, की आसावर तेल ओतायचं आणि मशाल लावायची. तेल ओतताना हात आखडू नकोस, भरपूर ओत, आस धडाडून पेटला पाहिजे. विझला तर अपशकुन. बस्स, एवढंच."

मोस्कोसनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "बाई, कोणाच्या दारात थांबली की?"

"पुन्हा विचारलंस! आत्ता काय सांगितलं तुला? गप्प!"

तो गप्प बसला. माणसानं आयुष्यात एक प्रश्न शहाण्यासारखा विचारला, आणि तो असा गेला.

लग्नाचा दिवस उजाडला. दुपारी बातमी आली, की भट्टीवाला आपल्या दारासमोर वरात अडवणार आहे. गावातला मोठा रस्ता नेमका त्याच्याच दारावरून जात होता. उपरणं घालून रस्त्यात आडवा उभा राहणार, गाडी थांबली की नवरीला हाताला धरून उतरवणार, आणि आस आपल्याच दारात जाळणार. मशालही आणून ठेवली म्हणे त्यानं.

बाईनं कंबर कसली. "अहो, तुम्ही असं करा," ती नवऱ्याला म्हणाली. "आपल्या तेलाच्या लहान गाडीला घाण्याचा बैल जुंपा, क्लेओला तिच्यात बसवा, वरून गोणपाट टाका, आणि मागच्या गल्लीनं गुपचूप होडीवाल्याच्या दारात न्या. तिथं त्या गाडीचा आस जाळा. मी केशरी ओढणी घेऊन सजवलेल्या मोठ्या गाडीत बसते आणि मोठ्या रस्त्यानं जाते. येऊ दे त्या थेरड्याला माझा हात धरायला. ओढणी काढून असा झोडते, की तिसरी बायको काय, भाताचं शीतही मागणार नाही."

घाण्यावाल्यानं मान हलवली. त्याला एवढंच यायचं.

बेत झकास होता, कबूल करायला हवं. बाई डोक्यानं तल्लख. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. बेत बदलला, हे ती सगळ्यांना बोलली. मोस्कोसला बोलली नाही. त्याला शिकवणं बंद केलं होतं ना!

दिवे लागले. वरात निघाली. बासऱ्या वाजतायत, पोरं नाचतायत, बायका गाणी म्हणतायत, मागं पंच चालतायत झाडून सगळे. गाडीत केशरी ओढणीखाली बाई, मान खाली, तोंड बंद. बोलली तर आवाज ओळखू येईल म्हणून तिनं दातांत ओढणीचा पदर धरून ठेवला होता. एवढा वेळ गप्प राहणं तिला जड जात होतं, ओढणी नुसती थरथरत होती. लोक म्हणाले, नवरी लाजतेय.

मोस्कोस पुढं ताठ बसला होता. मांडीत तेलाचा घडा, हातात मशाल. मनात एकच, क्लेओचं काम आहे, चुकायचं नाही. विचारायचं नाही, ठरवायचं नाही, गाडी थांबली की लगेच.

वळणावर भट्टीवाला उभा होता. जांभळ्या काठाचं उपरणं, दाढीला तेल, दोन्ही हात पसरलेले. खेचरं बिचकली आणि थांबली. बरोबर त्याच्या दारात.

भट्टीवाला पुढं झाला. "ये गं माझी राणी," असं म्हणून त्यानं हात धरला. बाई हेच तर बघत होती! ती तट्‌दिशी खाली उतरली आणि ओढणीला हात घातला.

नवरी उतरली. गाडी थांबली होती. मोस्कोसनं सगळा घडा आसावर रिकामा केला आणि मशाल लावली.

घाण्यावाल्याच्या घरचं पहिल्या धारेचं तेल ते. भडका असा उडाला, की भट्टीवाल्याची दाढी सुद्धा थोडी पेटली. आस कडाडला, चाकं दोन बाजूंना पडली, गाडी बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी फुलं उधळली. आणि त्या उजेडात ओढणी बाजूला झाली.

टाळ्या थांबल्या. बासऱ्या थांबल्या.

"ही कोण?" भट्टीवाला किंचाळला. "ही तर फिलिना!"

बाईचा पदर दातांतून सुटला. "अरे मुडद्या! हे काय केलंस?"

"आस जाळला बाई," मोस्कोस म्हणाला. त्याचा चेहरा आनंदानं उजळला होता. "लगेच जाळला. हात आखडला नाही."

"इथं? ह्याच्या दारात?"

"तेच तर मी विचारत होतो," मोस्कोस म्हणाला, "कोणाच्या दारात म्हणून."

तेवढ्यात मागच्या गल्लीतून घाण्यावाला धापा टाकत आला. त्याचं काम फत्ते झालं होतं. क्लेओ होडीवाल्याच्या दारात उतरली होती, तिथं लहान गाडीचा आस व्यवस्थित जळाला होता, आणि पोरगी हसत घरात गेली होती. सांगायला म्हणून तो आला आणि बघतो तर आपली बायको भट्टीवाल्याच्या दारात, आणि आसाची राख.

पंच गोलात उभे राहिले. असा प्रसंग गावात कधी आला नव्हता. मधल्या पंचानं घसा साफ केला.

"आज दोन आस जळाले. म्हणजे दोन वराती झाल्या. फिलिना, ह्या गाडीतून तू उतरलीस?"

"मी उतरले, पण..."

"पण नको. तू बायको कोणाची?"

"निकानोरची! सगळ्या गावाला माहीत आहे!"

"आणि हे घर कोणाचं?"

बाईनं तोंड उघडलं. मिटलं. शेवटी भट्टीवालाच रडवेल्या सुरात म्हणाला, "निकानोरचं."

पंचांनी एकमेकांकडं पाहून समाधानानं माना डोलावल्या. निकानोरची बायको, निकानोरचं घर, आस जळलेला. कुठं काही बिनसलेलं त्यांना दिसेना. एकानं विचारलं तेवढं, "घाण्यावाल्या, तुझी काही तक्रार?"

घाण्यावाला आपल्या बायकोकडं बघत राहिला. मग त्या राखेकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "रीत आहे," तो म्हणाला. "रीतीपुढं माझं काय चालणार?"

भट्टीवाला त्याच्या पायाशी लोळण घ्यायला लागला. "घेऊन जा रे बाबा! उपरणं परत घे, मडकी घे, भट्टी घे, पण हिला घेऊन जा!" घाण्यावाला म्हणाला, तसं करता येत नाही, राजा आला तरी फिरवता येत नाही. हे वाक्य त्यानं इतकं खणखणीत म्हटलं, की लोक चकितच झाले. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

बाईनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. मग ओढणी कमरेला खोचली आणि तरातरा भट्टीवाल्याच्या घरात शिरली. आत एक मडकं फुटलं. मग दुसरं फुटलं. भट्टीवाला उंबऱ्याबाहेर बसून राहिला, आणि घाण्यावाला समोरच्या कट्ट्यावर जरा विसावला.

मग आतून गाव हादरवणारी हाक आली, "निकानोर!"

भट्टीवाला दचकून उठला. घाण्यावालाही सवयीनं उठला, दोन पावलं पुढं गेला. तिथं त्याच्या लक्षात आलं. तो मागं वळला, कट्ट्यावर परत येऊन बसला, आणि पाय लांब केले.